डेटाबेस न घालता प्रोग्रामच्या सेटिंग्ज कुठे आणि कशा ठेवाव्यात?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी,

साखळीजवळ आमच्या गावात एक जुने वाचनालय आहे. त्याच्यासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिते आहे. पुस्तक देणे, परत घेणे, कोणाकडे काय राहिलेय ते बघणे, एवढेच काम. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचा पसारा वेगळा, आमची एक खोली आणि भिंतीला लागून कपाटे. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती तिथेच राहणार, कारण समितीतल्या सगळ्यांना ती उघडता येते.

अडलेय ते सेटिंग्जपाशी. ग्रंथपाल काकांना पडद्यावर अक्षर मोठे लागते, संध्याकाळी बसणाऱ्या मुलांना ते नको असते. कोणाला बटणे मराठीत हवीत, कोणाला कोकणीत. शिवाय शेवटची उघडलेली यादी, पावतीचा प्रिंटर, खिडकीची जागा, उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड. सगळे मिळून दहाबारा गोष्टी. संगणक विंडोजचा, लॉगिन सगळ्यांचे मिळून एकच.

एवढ्यासाठी डेटाबेस मला जड वाटतो. पण मग काय घ्यावे? आयएनआय, जेसन, याम्ल, पिकल अशा फाइलीत माहिती लिहिण्याच्या सगळ्या पद्धतींबद्दल वाचून झाले, आणि प्रत्येक लेखात वेगळाच विजेता. तुम्ही स्वतः काय वापरता आणि का, ते सांगाल का?

अबोली

जेसन घ्या ताई. पायथनसोबतच येते, वेगळे काही बसवायला नको. डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) वाचायची, बदलायची, परत लिहायची.

खाजनबांध

मी व्हीबी ६ वर बरीच वर्षे काढली. तिथे सेव्हसेटिंग आणि गेटसेटिंग अशी दोन फंक्शन्स होती, ती थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या कोठारात, लिहायची. त्याच्या आधी, विंडोज ३.१ वर, कितीतरी प्रोग्राम विन.आयएनआय या एकाच फाइलीत आपापल्या ओळी घालत. कुठली ओळ कोणाची ते कळत नसे. त्यामुळे विंडोज ९५ आल्यावर रजिस्ट्री आम्हाला फार बरी वाटली. आजही पायथनमधून विनरेज मॉड्यूलने तिथे लिहिता येते, आणि वापरकर्त्याच्या शाखेत लिहायला अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत.

तरी तुम्हाला मी ते सुचवणार नाही. फाइल पेनड्राइव्हवर उचलून नव्या संगणकावर नेता येते. रजिस्ट्रीतला तुकडा एक्स्पोर्ट कसा करायचा हे फोनवर समजावणे कठीण. आणि उद्या समितीने त्या संगणकावर लिनक्स घालून घेतले, तर तेवढा भाग पुन्हा लिहावा लागेल.

म्हादई

ताई, फॉरमॅट ठरवण्याआधी तुमची यादी पुन्हा वाचा. तिच्यात तीन वेगळ्या तऱ्हेच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

अक्षराचा आकार आणि बटणांची भाषा या माणसाच्या सेटिंग्ज. काका दुसऱ्या संगणकावर बसले तरी त्यांना अक्षर मोठेच लागणार. प्रिंटर आणि खिडकीची जागा या त्या संगणकाच्या. खुर्चीत कोणीही बसो, पावती त्याच प्रिंटरवर निघणार. आणि दंडाचा दर या दोन्हींत बसत नाही, तो वाचनालयाचा नियम आहे. तो समितीने ठरवायचा असतो, संध्याकाळी बसलेल्या मुलाने मेनूत जाऊन बदलायचा नसतो. शिवाय दर बदलला की प्रश्न येतोच: गेल्या महिन्यात घेतलेले पुस्तक आता उशिरा आले तर जुना दर की नवा? म्हणजे दरासोबत ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवी आणि जुना दर पुसता कामा नये. तो तुमच्या एक्सेलमध्येच वेगळ्या पानावर ठेवा, एका ओळीत तारीख आणि दर. पुस्तकांच्या यादीची प्रत काढाल तेव्हा तोही सोबत जाईल.

मी एकच कसोटी लावतो. ही फाइल आत्ता कोणी पुसली तर काय होईल? काकांना अक्षर पुन्हा मोठे करावे लागले, तर ती सेटिंग. कोणा वाचकाचा हिशेब चुकला, तर ती नोंद, आणि नोंदीची जागा सेटिंग्जच्या फाइलीत नाही. डेटाबेस हवा की नको या वादातला बराचसा भाग मला वाटते इथेच मिटतो.

फायरफॉक्स बघा. त्याचे बुकमार्क आणि इतिहास एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत असतात. सेटिंग्ज मात्र प्रेफ्स.जेएस नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत. म्हणजे डेटाबेस हाताशी असूनही त्यांनी सेटिंग्ज बाहेर ठेवल्या.

त्याच फाइलीतून आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिच्यात मूळ किमतीपेक्षा वेगळ्या केलेल्या सेटिंग्जच असतात. तुम्हीही तसेच करा. सगळ्या डीफॉल्ट किमती कोडमध्ये एका डिक्शनरीत लिहा. सुरू होताना तिची प्रत घ्या आणि फाइलीत जे सापडेल ते तिच्यावर चढवा. सेव्ह करताना डीफॉल्टपेक्षा वेगळे असेल तेवढेच लिहा. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळ्या किमती फाइलीत उतरतात, आणि पुढच्या आवृत्तीत तुम्ही डीफॉल्ट सुधारले तरी जुन्या वापरकर्त्यापर्यंत ते कधीच पोचत नाही. त्याने काहीच निवडलेले नसते, तरी फाइल म्हणते की निवडले आहे.

तेरेखोल

थोडे वेगळे मत मांडतो. एस्क्यूलाइटला डेटाबेस म्हणून घाबरायचे कारण नाही. सर्व्हर नाही, बसवणे नाही, एकच फाइल. पायथनच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, ते भाषेसोबतच येते. आणि लिहिताना वीज गेली तरी ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका दमात लिहायचे बदल, एकतर पूर्ण होते किंवा झालेच नाही असे राहते. साध्या फाइलीत ही हमी तुम्हाला हाताने बांधावी लागते. आपल्याकडे पावसाळा लागला की दिवे किती वेळा जातात-येतात ते सर्वांना ठाऊक आहे.

म्हादई

तेरेखोल, हमीचा मुद्दा बरोबर आहे, तो मी खोडत नाही. पुस्तकांची देवघेव जर एक्सेलमधून बाहेर काढायची ठरली तर एस्क्यूलाइटच घ्यावे. पण दहा सेटिंग्जसाठी मी साध्या मजकुरावरच थांबेन. काही बिघडले तर काका नोटपॅडमध्ये फाइल उघडून फोनवर ओळ वाचून दाखवू शकतात. एस्क्यूलाइटची फाइल नोटपॅडमध्ये उघडून काही कळत नाही. आणि विजेची हमी हाताने बांधायला पाचसहा ओळी पुरतात.

वाळवंटीकाठ

म्हादई, दंडाचे पूर्ण पटले. तो आजच वेगळ्या पानावर हलवते.

दरम्यान एक नवीनच कोडे. अबोलीने सांगितले तसे जेसन घातले, प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये. माझ्या लॅपटॉपवर सगळे नीट चालते. वाचनालयात देण्यासाठी पायइन्स्टॉलरने (पायथनचा कोड थेट चालणाऱ्या फाइलीत बांधणारे साधन) एकच एक्सई बनवली, तर तिथे प्रोग्राम बंद करून उघडला की सेटिंग्ज पुन्हा पहिल्यासारख्या. चूक कुठलीच दाखवत नाही. ‘सेव्ह झाले’ असा संदेशही येतो.

दक्षिणवारा

हे हमखास होणारे आहे. पायइन्स्टॉलरची एकच फाइल असलेली एक्सई सुरू झाली की आधी स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. तुमचा कोड ‘मी जिथे आहे ते फोल्डर’ विचारतो तेव्हा त्याला तेच तात्पुरते फोल्डर मिळते. फाइल तिथे खरोखर लिहिली जाते, म्हणून चूक दिसत नाही. प्रोग्राम बंद झाला की ते फोल्डर पुसले जाते. पुढच्या वेळी नवे.

एक्सई जिथे आहे तिथे लिहिणे हाही उपाय नव्हे. उद्या ती प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवली तर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याचा हक्क नसतो. विंडोज व्हिस्टापासून तर काही जुन्या प्रोग्रामांचे असे लिहिणे गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्या फोल्डरकडे वळवले जाते, आणि मग माणूस चुकीच्या जागी फाइल शोधत बसतो.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने यासाठी जागा ठरवून दिली आहे. विंडोजवर अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग आणि लोकल अशा शाखा. लिनक्सवर होम फोल्डरमधले डॉट-कॉन्फिग. मॅकवर लायब्ररीतले अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट. हे मार्ग कोडमध्ये हाताने लिहू नका. प्लॅटफॉर्मडिर्स नावाचे छोटे पॅकेज आहे, ते बरोबर मार्ग काढून देते. तिथे आपल्या प्रोग्रामच्या नावाचे फोल्डर नसेल तर आधी तयार करा आणि मग लिहा. आणि ‘माहिती’च्या खिडकीत तो पूर्ण मार्ग दाखवा, कारण अ‍ॅपडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवते.

वाळवंटीकाठ

तसे केले आणि चालले! देव बरे करो. मार्ग दाखवायची सूचना फार कामाची, कॉपी करायचे बटणही दिले.

कुळागर

आता आयएनआयची बाजू मांडतो, कारण ताईंकडे लॉगिन एक आणि माणसे अनेक आहेत. विंडोजला काका आणि मुले वेगळी कळणार नाहीत. म्हणजे ‘आज कोण बसले आहे’ हे प्रोग्रामनेच विचारायला हवे. अशा वेळी आयएनआयचे विभाग सरळ बसतात:

[यंत्र]
प्रिंटर = पावती
[ग्रंथपाल]
अक्षर = २०
भाषा = मराठी
मोठी_बटणे = हो
[संध्याकाळ]
भाषा = कोकणी-देवनागरी

पायथनचे कॉन्फिगपार्सर हे असेच्या असे वाचते. ‘२०’ देवनागरीत लिहिले तरी चालते, कारण पायथनचे इंट फंक्शन देवनागरी अंक ओळखते. जेसनमध्ये हे जमणार नाही, तिथे संख्या इंग्रजी अंकांतच हवी. जावास्क्रिप्टही देवनागरी अंकांना संख्या मानत नाही.

तीन ठिकाणी सांभाळा. एक, आयएनआयमध्ये प्रत्येक किंमत मजकूर असते. ‘नाही’ हा शब्द पायथनच्या बूलला दिलात तर उत्तर खरे येते, कारण रिकामा नसलेला कुठलाही मजकूर त्याच्या लेखी खराच. गेटबूलियन वापरा. त्याला मूळचे इंग्रजी शब्दच कळतात, पण बूलियन_स्टेट्स नावाच्या कोष्टकात ‘हो’ आणि ‘नाही’ घालता येतात. दोन, टक्क्याचे चिन्ह त्याला खास वाटते, म्हणून पार्सर बनवतानाच इंटरपोलेशन (एका किमतीत दुसरी भरण्याची सोय) बंद करा. नाहीतर कोणी ‘९०%’ लिहिले की प्रोग्राम अडखळतो. तीन, फाइल परत लिहिताना त्यातल्या टिप्पण्या नाहीशा होतात, तेव्हा काकांसाठी सूचना तिथे लिहून ठेवू नका.

अबोली

विभागांचा मुद्दा मान्य, तरी जेसनमध्येही डिक्शनरीत डिक्शनरी ठेवता येतेच. ते राहू दे. जे काही घ्याल त्यात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत, मात्र स्पष्ट लिहा, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. विंडोजवर पायथनला फाइल उघडायला सांगितली आणि एन्कोडिंग दिले नाही, तर तो बहुतेक ठिकाणी जुने विंडोज एन्कोडिंग धरतो, त्यात देवनागरी बसतच नाही. ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बसतात असे एन्कोडिंग) गृहीत धरायचे ठरले आहे, पण तोवर आणि जुन्या आवृत्त्यांवर ते हाताने लिहायलाच हवे.

यातली वाईट गोष्ट अशी की फाइल लिहिण्यासाठी उघडली त्या क्षणीच आतला जुना मजकूर पुसला जातो. मग पहिले देवनागरी अक्षर आले की चूक, आणि हातात अर्धी फाइल. म्हणजे नवे गेलेच, जुनेही गेले.

जेसन घेतलेत तर एन्शुअर_अस्की बंद करा. तसेच ठेवले तर चालते सगळे, पण प्रत्येक अक्षराच्या जागी एक कोड दिसतो आणि नोटपॅडमध्ये काहीच वाचता येत नाही. वाचताना यूटीएफ-८-सिग द्या. जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घालायचे, २०१९ च्या विंडोज अपडेटपासून ती आपोआप घातली जात नाही. ती खूण असली की जेसन आणि कॉन्फिगपार्सर दोघेही पहिल्याच ओळीवर चूक देतात. सिग असलेले नाव दिले की खूण असो वा नसो, दोन्ही वाचले जाते.

तेरेखोल

विजेचे ‘पाचसहा ओळींत’ म्हणालात, त्या ओळी कोणी लिहून दाखवेल का?

दक्षिणवारा

कोड इथे टाकत नाही, क्रम सांगतो. नवी चप्पल पायात आल्याशिवाय जुनी टाकायची नाही, एवढेच तत्त्व.

सेटिंग्जच्या फाइलीला हात लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची दुसरी फाइल उघडायची. त्याच फोल्डरमध्येच, कारण दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर नाव बदलणे एका झटक्यात होत नाही. सगळा मजकूर तिच्यात लिहायचा. मग फ्लश (मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवणे), मग ओएस.एफसिंक (तो डिस्कवर उतरवून घेणे). ही पायरी लोक गाळतात. मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेला म्हणजे डिस्कवर गेला असे नाही. त्या मधल्या क्षणात वीज गेली तर नंतर फाइल बरोबर लांबीची दिसते आणि आत सगळे शून्य बाइट निघतात. एफसिंक झाले की फाइल बंद करायची आणि ओएस.रिप्लेसने तिला खरे नाव द्यायचे. वीज कुठल्याही टप्प्यावर जाऊ दे, जुनी फाइल तरी शाबूत असते किंवा नवी तरी. अबोलीने सांगितलेली अर्ध्या फाइलीची गोष्टही यातच सुटते, कारण चूक आली तर ती तात्पुरत्या फाइलीत येते.

विंडोजवर एक अडचण येऊ शकते. त्याच क्षणी अँटिव्हायरसने किंवा दुसऱ्या प्रोग्रामने जुनी फाइल उघडून धरली असेल तर रिप्लेस नाकारले जाते. जरा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

आता वाचण्याची बाजू. फाइल नसणे ही चूक नाही, तो पहिला दिवस आहे. डीफॉल्ट घ्या आणि पुढे जा. फाइल आहे पण वाचता येत नाही, तर तिला ‘खराब’ जोडून वेगळे नाव द्या, डीफॉल्टवर सुरू व्हा आणि काकांना एका ओळीत सांगा. तिच्यावर गुपचूप नवी फाइल लिहू नका, कदाचित नोटपॅडमध्ये एक कंस दुरुस्त करून सगळे परत मिळाले असते. आणि सेटिंग्जची फाइल बिघडली म्हणून पुस्तक देणे थांबले, असे कधीच होऊ देऊ नका. दारात वाचक उभा असतो.

किमतीही तपासा. अक्षर २०० आले तर ते मान्य करू नका. खिडकीच्या जागेचे तर हमखास होते. कार्यक्रमासाठी प्रोजेक्टर जोडला, खिडकी त्या पडद्यावर नेली, तशीच बंद केली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर नाही आणि प्रोग्राम उघडतो तो कोणालाच न दिसणाऱ्या जागी. जागा आत्ताच्या पडद्यात बसते का ते पाहून मगच वापरा.

खाजनबांध

पिकलबद्दल कोणीच बोलले नाही. ते घेऊ नका. पिकलची फाइल वाचणे म्हणजे तिच्यात लिहिलेला कोड चालवायला परवानगी देणे. पेनड्राइव्हवरून फाइल हलणार असेल तर मुळीच नको.

कुळागर

याम्लही इतक्या लहान कामाला नको. त्याच्या १.१ आवृत्तीत इंग्रजी ‘नो’ हा शब्द असत्य म्हणून वाचला जातो. नॉर्वेचा दोन अक्षरी देशसंकेत नेमका तोच असल्याने हा घोटाळा त्या देशाच्या नावाने ओळखला जातो. २००९ च्या १.२ आवृत्तीने ते काढले, पण पायथनचे प्रचलित पायाम्ल अजून जुन्याच नियमाने चालते. टॉम्ल ही आयएनआयसारखी दिसणारी पद्धत चांगली आहे. पायथन ३.११ मध्ये टॉम्ललिब आले, मात्र ते फक्त वाचते. लिहायला वेगळे पॅकेज लागते.

म्हादई

कुळागरच्या नमुन्यात ‘कोकणी-देवनागरी’ आहे, ते मला फार आवडले. गोव्यात भाषा नोंदवून भागत नाही, लिपीही हवी. रोमी लिपीत कोकणी वाचणारा वाचक सासष्टीतच नव्हे, बार्देशातही आहे, आणि आज ना उद्या तुमच्या वाचनालयातही येईल. आत्ताच दोन्ही धरून ठेवलेत तर पुढे जुन्या फाइली बदलत बसावे लागणार नाही.

मात्र बटणावर दिसणारे नाव आणि फाइलीत लिहिलेला संकेत हे वेगळे ठेवा. उद्या बटणावर ‘कोंकणी’ असे अनुस्वार देऊन लिहायचे ठरले तर जुन्या फाइलीतली निवड ओळखू येणार नाही. ‘ऱ’सारखे अक्षर तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते, एकसंध किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्याला सारखेच, प्रोग्रामला वेगळे. फाइलीतला संकेत एकदा ठरवला की तो बदलायचा नाही, आणि मजकूर जुळवून पाहण्याआधी युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी या एकसंध रूपात आणायचा.

वाळवंटीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आयएनआय घेतले, विभाग कुळागरच्या नमुन्याप्रमाणे, लिहिण्याचा क्रम दक्षिणवाराने सांगितला तसा. दोन शंका राहिल्या.

समितीला उशिराच्या पुस्तकांची आठवण ईमेलने पाठवायची आहे. त्या खात्याचा पासवर्ड याच फाइलीत ठेवू का? आणि काका कधीकधी प्रोग्राम दोनदा उघडतात, एक खिडकी मागे दडलेली असते. दोन्हींतून सेव्ह झाले तर?

अबोली

पासवर्ड अजिबात नको ताई. जी फाइल फोनवर वाचून दाखवता यावी म्हणून आपण साधी ठेवली, तिच्यात पासवर्ड कसा चालेल? विंडोजमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, पायथनच्या कीरिंग पॅकेजमधून तिथे ठेवता येतो. फाइलीत फक्त खात्याचे नाव लिहा.

दक्षिणवारा

दोन खिडक्यांचे सांगतो. पहिली खिडकी सकाळी फाइल वाचते आणि किमती आपल्याजवळ धरून बसते. दुसरीत काका अक्षर मोठे करतात, ते फाइलीत जाते. संध्याकाळी पहिली बंद होताना सकाळच्या सगळ्या किमती परत लिहिते, आणि अक्षर पुन्हा लहान. रिप्लेस इथे वाचवत नाही, कारण फाइल मोडलेली नसतेच.

म्हणून बंद होताना सगळे लिहू नका. सेटिंग बदलली त्या क्षणी फाइल नव्याने वाचा, तेवढी एकच ओळ बदला आणि लिहा. फाइलीतल्या ज्या ओळी प्रोग्रामला ओळखता येत नाहीत त्या तशाच राहू द्या, त्या नव्या आवृत्तीच्या असू शकतात. तरीही दोघांनी अगदी एकाच क्षणी लिहिले तर एकाचा बदल जाईल, पण एका खुर्चीवर ते सहसा घडत नाही. त्याहून सोपे म्हणजे दुसऱ्यांदा उघडले की नवी खिडकी न काढता मागची पुढे आणणे. काकांना खरे तर तेच हवे असणार.

वाळवंटीकाठ

मागची पुढे आणणे कसे करतात? खिडक्यांसाठी पायथनचे टीकेइंटर वापरते आहे.

दक्षिणवारा

सुरू होताना लोकलहोस्टचा, म्हणजे याच संगणकाचा, एक ठरावीक पोर्ट (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे क्रमांकित दार) धरायचा प्रयत्न करा. मिळाला तर तुम्ही पहिले, तो ऐकत राहा. नाही मिळाला तर बहुधा आधीची प्रत चालू आहे. तिला त्या पोर्टवर ‘पुढे ये’ एवढा निरोप पाठवा आणि स्वतः बंद व्हा. निरोप मिळाल्यावर पहिल्या प्रतीने डीआयकॉनिफाय आणि लिफ्ट ही दोन फंक्शन्स बोलवायची, पण ती टीकेइंटरच्या मुख्य थ्रेडमधूनच (थ्रेड म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणारा कामाचा धागा). ऐकणाऱ्या थ्रेडमधून थेट बोलवू नका. निरोप एका क्यूमध्ये (रांगेत) टाका आणि आफ्टर वापरून मुख्य लूपला तो उचलू द्या. उद्या रात्री माझ्याकडचा चालू तुकडा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.